बाराशे फुटांवरून सूर्यापर्यंत

पुण्यात सदाशिव पेठेत तळमजल्यावर राहणारा माणूस समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर झोपतो. त्यासाठी त्याला एक पायरीही चढावी लागत नाही. आणि ज्या डोंगरावर आज आपण जाणार आहोत, त्याचा माथा आहे अवघा ३६५ मीटर! बाराशे फूट. सिंहगडाच्या १,३१२ मीटर उंचीत असे साडेतीन डोंगर एकावर एक रचता येतील. पण या बुटक्या धारेवर उभं राहून जे आकडे दिसतात, ते एव्हरेस्टवरूनही दिसणार नाहीत.

नाव स्वीनी रिज. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेला. लांबट डोंगरधार, पश्चिमेला पॅसिफिक महासागर, पूर्वेला सॅन फ्रान्सिस्कोची खाडी. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी बे एरियात गेलेल्या आपल्याकडच्या आईबाबांना गोल्डन गेट पूल हमखास दाखवला जातो. या धारेवर त्यांना फारसं कुणी नेत नाही. न्यायला हवं! चढ सोपा आहे. सॅन ब्रुनो गावात स्नीथ लेन नावाचा रस्ता जिथे संपतो, तिथे एक फाटक आहे. तिथून पुढे गाड्या बंद, पण वाट डांबरी. जायला सुमारे तीन किलोमीटर, यायला तेवढीच. वाटेच्या मधोमध एक पिवळा पट्टा रंगवलेला आहे आणि त्याचं काम एकच: धुक्यात माणसाला वाट सापडावी. समुद्रावरून धुकं आलं की इथे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. मग खाली बघायचं, पट्टा धरायचा आणि चालायचं. हे धुकं लक्षात ठेवा. त्याची किंमत पुढे वर्षांत मोजायची आहे, दोनशे सत्तावीस वर्षांत!

चढायला लागलं की मागे खाली एक लांबट तलाव दिसतो. सॅन अँड्रियास तलाव. हे नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं ना? बरोबर. जगप्रसिद्ध सॅन अँड्रियास फॉल्ट, पृथ्वीच्या कवचातली ती भेग, तिला १८९५ मध्ये अँड्र्यू लॉसन या भूवैज्ञानिकाने याच तलावाच्या दरीवरून नाव दिलं. भेग तलावाखालूनच जाते. तिची लांबी बाराशे किलोमीटरहून अधिक. मुंबईहून राजधानी एक्सप्रेस पकडली आणि दिल्ली जवळ येईपर्यंत खिडकीतून खाली भेगच भेग दिसत राहिली, असं काहीसं. पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर, अलीकडे आपली धार पॅसिफिकच्या भूपट्टावर. दोन्ही भूपट्ट एकमेकांना घासत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतात. या वेगाने मुंबई-पुणे हे दीडशे किलोमीटरचं अंतर कापायला तीस लाख वर्षं लागतील. हळू वाटतं? पण भेगेपाशी हा भूपट्ट रोज थोडा थोडा सरकत नाही. कित्येक ठिकाणी तो अडून बसतो, अनेक दशकांचं चालणं साठवून ठेवतो आणि मग एका दमात चालतो. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी तो चालला. ४७७ किलोमीटर लांबीची जमीन फाटली. मुंबई ते सोलापूर रेल्वेने ४५५ किलोमीटर, वंदे भारतला त्यासाठी साडेसहा तास लागतात. इथे मोठा हादरा संपायला मिनिटभर लागलं! काही ठिकाणी कुंपणं सहा मीटर बाजूला गेली. सॅन फ्रान्सिस्कोत २८ हजार इमारती गेल्या, बहुतेक त्यानंतर लागलेल्या आगीत. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. चार लाखांच्या शहरात सव्वादोन लाख बेघर झाले. रस्त्यावर भेटणाऱ्या दर दोन माणसांपैकी एकाहून जास्त. या सगळ्याच्या उगमाशी असलेली दरी आपण पाच मिनिटांत मागे टाकतो.

वर चला. माथ्याच्या जवळ काही पडक्या इमारती लागतात. शीतयुद्धाच्या काळात इथे नाइके क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणाचं रडार होतं, क्षेपणास्त्रं शेजारच्या मिलाग्रा रिजवर. त्यातल्या नाइके हर्क्युलिसचा पल्ला सुमारे १४० किलोमीटर आणि वेग आवाजाच्या तिपटीहून जास्त, म्हणजे सेकंदाला एक किलोमीटर धरा. दादरला सुटलं तर अडीच मिनिटांत पुण्याच्या वेशीवर! १९७४ मध्ये हे सगळं बंद झालं. भिंती उरल्या आहेत, त्यांवर रंगीबेरंगी चित्रं. फार थांबू नका, खरी जागा पुढे आहे.

खरी जागा म्हणजे एक दगडी खूण. तारीख ४ नोव्हेंबर १७६९.

ही तारीख आपल्या हिशेबात बसवून बघू. पानिपताला आठ वर्षं झाली आहेत. पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर आहेत. आणि त्याच दिवशी, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला, गास्पार दे पोर्तोला नावाचा स्पॅनिश अधिकारी साठेक माणसांसह ही धार चढतो आहे. १४ जुलैला तो सॅन दिएगोहून निघाला. शोधतो आहे मॉन्टेरीचा उपसागर, ज्याचं भलंमोठं कौतुक विझकाइनो नावाच्या दर्यावर्दीने १६०२ मध्ये लिहून ठेवलं होतं. ते कौतुक इतकं मोठं होतं की प्रत्यक्ष मॉन्टेरी समोर आल्यावर पोर्तोलाच्या माणसांना ते ओळखूच आलं नाही! ते पुढे चालत राहिले. आजच्या मोटाररस्त्याने सॅन दिएगो ते सॅन फ्रान्सिस्को ८०० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास धरलं तर तीन वाऱ्यांहून जास्त. पण वारीला रस्ता असतो, मुक्काम ठरलेला असतो, गावोगाव पंगती वाढलेल्या असतात. यांच्यापुढे रस्ता नव्हता, नकाशा चुकलेला, शिधा संपत आलेला. एकशे तेरा दिवस! दिवसाला सरासरी सात किलोमीटर. परतीच्या वाटेवर तर त्यांनी बरोबरची खेचरं कापून खाल्ली.

अशी थकलेली, अर्धपोटी माणसं या धारेवर आली आणि पूर्वेकडे बघितलं. खाली पाणी. एवढं पाणी की समुद्राचा एक हात जमिनीत शिरला आहे, असं त्यांना वाटलं. स्पेनच्या माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोची खाडी पहिल्यांदा पाहिली ती अशी, डोंगरावरून. जहाजांचं साम्राज्य, आणि जगातलं एक सर्वोत्तम नैसर्गिक बंदर त्यांना पायी चालून सापडलं!

कारण जहाजांना ते सापडलंच नव्हतं. काब्रियो १५४२ मध्ये या किनाऱ्यावरून गेला. इंग्रज ड्रेक १५७९ मध्ये गेला. सेर्मेन्योचं जहाज १५९५ मध्ये इथून थोडं उत्तरेला फुटलं. विझकाइनो १६०३ च्या सुरुवातीला गेला. मनिलाहून मालाने भरलेली गलबतं तर वर्षानुवर्षं याच किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत होती. एकालाही तोंड दिसलं नाही. १५४२ ते १७६९, दोनशे सत्तावीस वर्षं! या २२७ वर्षांत आपल्याकडे काय काय झालं ते बघा. काब्रियो गेला तेव्हा शिवरायांच्या जन्माला अजून ८८ वर्षं होती. त्यानंतर शिवनेरी झाली, तोरणा झाला, अफझलखान, पन्हाळा, सुरत, आग्रा, राज्याभिषेक झाला. संभाजीराजे, राजाराम, ताराराणी. औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनेत झुंजला आणि इथेच संपला. शाहू आले, बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब, अटकेपार झेंडे, पानिपत. मराठ्यांचं अख्खं राज्य उभं राहिलं, साम्राज्य झालं, पडलं आणि पुन्हा उठलं, आणि एवढ्या काळात एका जहाजाला ते दार सापडलं नाही.

दार किती मोठं? गोल्डन गेट ही सामुद्रधुनी दीडेक किलोमीटर रुंद. आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटर लांब आहे, त्याच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. बाहेरून बघताना त्या फटीमागे बेटं आणि पलीकडच्या टेकड्या उभ्या, त्यामुळे किनारा सलग वाटतो. आणि वर ते धुकं. पिवळा पट्टा ज्याच्यासाठी रंगवला, तेच. पहिलं युरोपीय जहाज या दारातून आत शिरलं ५ ऑगस्ट १७७५ ला, पोर्तोलाने डोंगरावरून पाणी पाहिल्यानंतर पावणेसहा वर्षांनी.

हे सगळं युरोपीय लोकांच्या हिशेबाने. खाडीकाठी ओलोनी लोक हजारो वर्षं राहत होतेच. धारेच्या पश्चिम पायथ्याशी, आजच्या पॅसिफिका नावाच्या शहरात, त्यांचं गाव होतं. त्यांना खाडी कुणी दाखवायची गरज नव्हती. त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग १९०९ मध्ये नेल्स नेल्सन या संशोधकाने खाडीभोवती फिरून मोजले: ४२५ निघाले. एमरीव्हिलचा एक ढीग साठ फूट उंच आणि साडेतीनशे फूट व्यासाचा होता. पाचसहा मजली इमारत, आणि ती रोजच्या जेवणानंतर टाकलेल्या शिंपल्यांवर शिंपले साचून झालेली! किती पिढ्या जेवल्या असतील, विचार करा. मला तर पोर्तोलाच्या एकशे तेरा दिवसांपेक्षा हे ढीगच जास्त थक्क करतात.

आता पाणी. इथे जरा बसू, कारण इथून पुढे आकडे चढायला लागतात.

खाडीचं क्षेत्र सुमारे १,२४० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई सहाशेच्या आसपास. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची अख्खी मुंबई या पाण्यात दोनदा बुडेल. आणि खोली? सरासरी फक्त सहा मीटर, वीस फूट. आपल्या गावाकडची बरी विहीर याच्या दुप्पट खोल असते! पण दाराशी, गोल्डन गेटखाली, तळ एकदम ११३ मीटरवर जातो. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. तो तिथे उभा केला तर त्याच्या टोकावरून आणखी २८ मीटर पाणी वाहील.

का खणलं गेलं एवढं? कारण भरती-ओहोटी. एवढ्या मोठ्या खाडीला समुद्राकडे तोंड एकच. भरतीला सगळं पाणी त्या दीड किलोमीटरच्या फटीतून आत यायचं आणि ओहोटीला तिथूनच बाहेर जायचं. एका खेपेला किती? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा आकडा आहे दोन अब्ज घनमीटर. दोन लाख कोटी लिटर. आपल्या भाषेत सुमारे ७० टीएमसी, म्हणजे ७० अब्ज घनफूट!

पुणेकरांना टीएमसी समजावून सांगायला नको. पावसाळ्यात सकाळचा पेपर उघडला की आधी तेच बघितलं जातं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली की होतात २९ टीएमसी. गोल्डन गेटमधून एका भरतीला येणाऱ्या पाण्यात ही चारही धरणं भरतील, रिकामी करून पुन्हा भरतील आणि तरीही बारा टीएमसी हातात राहतील. संपूर्ण पावसाळा ज्यासाठी आभाळाकडे डोळे लावायचे, ते इथे सहा तासांत दोनदा! कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. त्याचे दोन तृतीयांश, एका खेपेत.

विहिरींत मोजू. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घ्या, काठापर्यंत भरलेली. तिच्यात साडेबारा हजार घनफूट पाणी बसतं. एका भरतीच्या पाण्यात अशा ५६ लाख विहिरी भरतात. महाराष्ट्रात वस्ती असलेली गावं आहेत सुमारे ४१ हजार. प्रत्येक गावाला १३७ भरलेल्या विहिरी! भरती साधारण सहा तासांची धरली तर दर सेकंदाला दोनशे साठ विहिरी. एक म्हणेपर्यंत दोनशे साठ. दोन म्हणेपर्यंत पाचशे वीस.

आता रेल्वे. २०१६ चा एप्रिल आठवतो? लातूर तहानेने व्याकुळ झालं होतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पुढे पन्नास. पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर. ती गाडी लातुरात शिरली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राचा जीव भांड्यात पडला होता. गोल्डन गेटची एक भरती वाहून न्यायला अशा किती गाड्या लागतील? दोन लाख कोटी भागिले पंचवीस लाख. आठ लाख जलदूत! सहा तासांत न्यायच्या तर सेकंदाला ३७ गाड्या सोडायला हव्यात. एका गाडीच्या वाघिणींची लांबी सहाशे मीटर धरा, इंजिन सोडून द्या. आठ लाख गाड्या एकामागे एक जोडल्या तर लांबी होते चार लाख ऐंशी हजार किलोमीटर. चंद्र आहे तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर. मिरजेहून निघालेली गाडी चंद्रावर पोचेल, त्याला ओलांडून आणखी जवळपास एक लाख किलोमीटर जाईल, आणि शेवटची वाघीण अजून मिरजेच्या फलाटावर असेल! ही झाली एक भरती. सहा तासांनी ओहोटी, तेवढंच पाणी उलट. मग पुन्हा भरती. चंद्राच्याच ओढीने हे पाणी हलतं, हे तर आणखी विलक्षण.

आणि ही खाडी पृथ्वीच्या मानाने कालची आहे. अठरा-वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. धुकं नसेल तर पश्चिमेला क्षितिजावर फॅरलोन बेटं दिसतात, गोल्डन गेटपासून ४३ किलोमीटरवर. किनारा तेव्हा तिथे होता. दादरहून कल्याणला चालत जावं तितकं, कोरड्या जमिनीवरून. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी दारातून आत शिरला. दहा हजार. हा आकडा खिशात ठेवा, आता लागणार आहे.

माथ्यावर काळ्या ग्रॅनाइटची एक गोल शिळा आहे. तिच्यावर समोर दिसणाऱ्या डोंगरांच्या रेषा कोरल्या आहेत, नावांसकट: तामालपाइस, डियाब्लो, मोंटारा. ज्या स्थानिक माणसाच्या स्मरणार्थ ती बसवली, त्याने ही जागा पाहायला स्वतः ११,८६३ माणसांना वर आणलं, असं तिथे लिहिलं आहे. मुंबईची लोकल गर्दीच्या वेळी पाचेक हजार माणसं नेते. दोन खच्चून भरलेल्या लोकल आणि तिसरी एक तृतीयांशाहून थोडी जास्त, एका माणसाने डोंगरावर नेली! हे मोकळं माळरान आज राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे, ते मुख्यतः अशा माणसांच्या खटपटीमुळे. नाहीतर इथे कधीच घरं उभी राहिली असती.

त्या शिळेपाशी उभं राहून पूर्वेला बघा. खाडीकाठी विमानतळाच्या धावपट्ट्या. २०२३ मध्ये पाच कोटी प्रवासी इथून आले-गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. त्याच्या निम्म्याला थोडंसंच कमी! आता नजर उजवीकडे, दक्षिणेला न्या. खाडी निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाशी सपाट, झाडांनी भरलेलं खोरं. सिलिकॉन व्हॅली. सनीवेल, सॅन होजे, कुपर्टिनो, सांता क्लारा. आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणीतरी आत्ता त्या झाडांखाली असेल. २०२४ च्या जूनअखेर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं तेही तिथेच, सॅन होजेत.

त्याच जूनची ५ तारीख. त्या दिवशी बाजार बंद झाला तेव्हा कुपर्टिनोची ॲपल आणि सांता क्लाराची एनव्हिडिया, दोन्ही कंपन्यांचं बाजारमूल्य प्रत्येकी तीन लाख कोटी डॉलरच्या वर होतं. डॉलर ८३ रुपयांच्या थोडा वर. दोन्ही मिळून ढोबळमानाने पाचशे लाख कोटी रुपये! महाराष्ट्राचं वर्षभराचं एकूण उत्पन्न, शेतं, कारखाने, बंदरं, बँका, सिनेमा, सगळं धरून, तेव्हा चाळीस लाख कोटींच्या आसपास. अख्ख्या महाराष्ट्राने बारा वर्षं राबावं आणि एक पैसाही खर्चू नये, तेव्हा या दोन कंपन्यांची किंमत गाठायला येते. आणि त्या दोघींची मुख्यालयं एकमेकींपासून मोटारीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर.

हे पैसे पाचशेच्या नोटांत घेऊ. एक लाख कोटी नोटा होतात. मोजायला बसा. सेकंदाला एक नोट, झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. लागतात ३१,७०० वर्षं. समुद्र या दारातून पहिल्यांदा आत शिरला त्या दिवशी मोजायला बसलेला माणूस आज जेमतेम तिसऱ्या हिश्श्याशी आला असता. त्याच्यासमोर खाडी भरली, काठी माणसं आली, शिंपल्यांचे साठ फुटी ढीग झाले, पोर्तोला आला आणि गेला, जमीन फाटली, शहर जळलं, पुन्हा उभं राहिलं, आणि तो आपला मोजतोच आहे!

तर मोजू नका. जमिनीवर मांडा, लांबीला लांबी लावून. पाचशेची नोट पंधरा सेंटिमीटर लांब. एक लाख कोटी गुणिले पंधरा सेंटिमीटर. पंधरा कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे दहा लाख वेळा! सूर्य पृथ्वीपासून सरासरी चौदा कोटी शहाण्णव लाख किलोमीटरवर आहे. स्वीनी रिजच्या या शिळेपाशी पहिली नोट ठेवा आणि मांडत चला. गांधीजींच्या चेहऱ्यांची ती रांग सूर्याला जाऊन भिडते, आणि तरी हातात चार लाख किलोमीटर लांबीच्या नोटा उरतात. त्या परत येऊन इथूनच पुन्हा मांडायला घ्या. चंद्र त्यात येतो.